बॉयलरची प्रतिबंधक देखभाल (साखर कारखाने)

बिघाडाची वाट न पाहता बॉयलरची ठरावीक काळाने तपासणी, सफाई व दुरुस्ती करण्याची पद्धत. महाराष्ट्रात तिची खरी कसोटी साखर कारखान्यांत लागते. उसाच्या चिपाडावर, म्हणजे बगॅसवर, पेटणाऱ्या बॉयलरच्या वाफेवरच रस आटवणे आणि सहवीजनिर्मिती चालते. तो बंद पडला की गाळप थांबते, तोडलेला ऊस वाळतो, उतारा घटतो; झळ थेट शेतकऱ्याला बसते.

देखभालीचा निम्मा भाग पाण्याचा आहे. ट्यूबमध्ये क्षारांचा थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. धातू तापून मऊ पडतो, ट्यूब फुगते आणि फुटते. म्हणून पाणी मृदू करणे, डीएरेटरने त्यातला ऑक्सिजन काढणे आणि वेळेवर ब्लोडाउन देणे, म्हणजे साचलेल्या क्षारांचे पाणी सोडून देणे, आवश्यक. साखर कारखान्यातला खास धोका मात्र साखरेचाच. इव्हॅपोरेटरची नळी गळली तर रस कंडेन्सेटमध्ये, म्हणजे वाफ निवून बॉयलरकडे परत जाणाऱ्या पाण्यात, उतरतो. बॉयलरच्या तापमानाला साखरेचे विघटन होऊन आम्ले तयार होतात, पाण्याचा पीएच घसरतो, फेस येतो आणि वाफेबरोबर पाणी टर्बाइनकडे ओढले जाते. ही गळती वेळीच कळावी म्हणून परीक्षानळीत कंडेन्सेट घेऊन अल्फा-नॅफ्थॉलचे थेंब टाकतात आणि कडेने तीव्र सल्फ्युरिक आम्ल सोडतात. दोन थरांच्या मध्ये जांभळे कडे उमटले की ते पाणी ताबडतोब बॉयलरकडून वळवावे लागते. ही चाचणी पाळीभर पुन्हा पुन्हा करायची असते. लॉगबुकातले आकडे बसल्या जागी भरले जाणे ही देखभालीतली सर्वांत घातक सवय होय.

मोठी कामे पावसाळ्यात, हंगाम संपल्यावर होतात. बगॅसबरोबर येणारी माती-वाळू ट्यूबा बाहेरून झिजवते, म्हणून अल्ट्रासॉनिक उपकरणाने त्यांची जाडी मोजतात. पातळ झालेल्या बदलतात. रिकामा बॉयलर दमट हवेत गंजू नये म्हणून तो कोरडा करून ड्रममध्ये चुनकळीचे किंवा सिलिका जेलचे ट्रे ठेवतात. कायद्यानेही बॉयलर प्रमाणपत्राविना चालवता येत नाही. १९२३ च्या बॉयलर कायद्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. मात्र निरीक्षकाची तपासणी रोजच्या निगराणीची जागा घेऊ शकत नाही.

दसऱ्याच्या सुमारास अनेक कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. त्यानंतर लगेच पूर्ण दाब चढवत नाहीत. भट्टीचे नवे विटकाम मंद आचेवर वाळवतात, दाब टप्प्याटप्प्याने वाढवून सेफ्टी व्हॉल्व्ह नेमक्या दाबाला उडतो का ते पाहतात, आणि मगच वाफ टर्बाइनकडे सोडतात.