सुटीं पानें आणि जखडलेली स्मृति

हल्लीं जो लॅपटॉप पाहावा तो बोटाएवढ्या जाडीचा. ही सडपातळ अंगयष्टि साधण्यासाठीं कारखानदारांनीं यंत्रांतील रॅम, म्हणजे चालू कामापुरती स्मृति, मुख्य फलकावरच डाख देऊन जखडून टाकिली आहे. सन २००८ मध्यें ॲपलनें मॅकबुक एअर कागदी पाकिटांतून काढून जगास दाखविला, त्यांत २ जीबी स्मृति अशीच कायमची बसविलेली होती. पूर्वीं खाचेंत मोठी पट्टी घालून ती वाढवितां येई. खाच गेली, जागा वांचली, आणि पुढील चार-पांच वर्षांची गरज खरेदीच्या दिवशींच ओळखण्याचें ओझें गिऱ्हाइकाच्या माथीं आलें.

स्मरण सांठविणाऱ्या वस्तूंना हा सौदा पूर्वींही चुकला नव्हता. आपल्याकडील रामदासी व कीर्तनकार बाड बाळगीत. तें शिवलेलें, झोळींत मावणारें, आणि भरलें कीं संपलें. पोथीचा घाट निराळा. सुटीं पानें, खालींवर दोन फळ्या, भोंवतीं कापडी रुमाल. प्रवासास ती अवघडच. पण आख्यान वाढवावेंसें वाटलें तर दोन पानांमध्यें तिसरें सरकविण्यास कोणाची आडकाठी नसे. एकानें समासांत लिहिलेली टीप पुढच्या नकलकारानें मूळ श्लोकांत ओढून घ्यावी, हेंही नित्याचेंच. महाभारत प्रांतोप्रांतींच्या पोथ्यांतून असेंच वेगवेगळें वाढत गेलें.

या मोकळिकीची किंमत एकदां औंधच्या खजिन्यानें मोजली. सन १९१८ च्या जुलै महिन्यांत औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं महाभारताच्या सचित्र चिकित्सक आवृत्तीसाठीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरास एक लाख रुपये देऊं केले. लहानशा संस्थानास ही रक्कम हलकी नव्हती; राजेसाहेब स्वतः चित्रकार, तेव्हां आवृत्ति सचित्र असावी हा आग्रह त्यांना शोभणाराच! विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं १९२५ पासून संपादन हातीं घेतलें. आदिपर्व १९३३ मध्यें पुरें झालें, सुखटणकर १९४३ मध्यें वारले, आणि अठरा पर्वें हातावेगळीं होण्यास १९६६ साल उजाडलें. एकंदर १२५९ हस्तलिखितें या कामीं लागलीं. व्यासांचा लेखनिक म्हणून घरोघर ठाऊक असलेला गणपतिही या छाननींत संहितेबाहेर, परिशिष्टांत जाऊन बसला. गाळलेलें सारें टिपांत व परिशिष्टांत जपून ठेविल्यामुळें संहिता आटोपशीर झाली, पण ग्रंथाचे मात्र १९ खंड झाले.

तरीही आमचा कौल पोथीकडेच झुकतो. तिच्यांतील भर अर्धशतकाच्या कष्टानें कां होईना, वेगळी काढतां आली. भरलेल्या बाडांत पान कोठून आणावें? यंत्रकारांनाही हें जाणवलें असावें. डिसेंबर २०२३ मध्यें जेडेक या संस्थेनें कॅम-२ नांवाच्या स्मृतिपट्टीचें प्रमाण प्रसिद्ध केलें. ही पट्टी फलकावर सपाट निजते, जाडी फारशी वाढवीत नाहीं, आणि स्क्रूंनीं आवळलेली असते. स्क्रू सोडविले कीं तिच्या जागीं मोठी बसवितां येते.