एकाच नौकेतील प्रवासी

गेल्या नाताळानंतर आमच्या धर्मग्रामातील एक दांपत्य भेटीस आले होते. त्यांच्या विवाहाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त मुलांनी मोठ्या हौसेने समुद्रपर्यटनाची तिकिटे काढली होती. आशीर्वाद घेऊन झाल्यावर बाईंनी हळूच विचारले, "फादर, बोटीवर साथ पसरते म्हणतात. आजारी पडू नये म्हणून काय करावे?" मी त्यांना चार शब्द सांगितले आणि ती उभयता समाधानाने गेली, परंतु प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. हा प्रश्न समुद्रप्रवासाइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर मानवाने हजारो खलाशांच्या प्राणांचे मोल देऊन मिळविले आहे. म्हणून त्या उत्तराचा थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

आपल्या पूर्वजांच्या काळी युरोपातून हिंदुस्थानात येणारी वाट आफ्रिकेला वळसा घालून येत असे. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामा लिस्बनहून निघाला. आफ्रिकेचा किनारा धरून वर सरकताना त्याच्या खलाशांच्या हिरड्या सुजू लागल्या, हातपाय फुगले, अन्न चावणे अशक्य झाले. हाच तो स्कर्व्ही रोग. महिनोन्महिने सुकी बिस्किटे आणि खारवलेले मांस खाऊन शरीरातील जीवनसत्त्व 'क' संपून जाते आणि देह जणू आतून उसवत जातो. १४९८ च्या एप्रिलमध्ये जहाजे मोंबासाला लागली. तेथील राजाने मेंढी, ऊस, संत्री आणि लिंबे पाठविली. आजारी माणसे बरी झाली. परंतु प्रवासाची रोजनिशी लिहिणाऱ्याने श्रेय दिले ते तेथील उत्तम हवेला! औषध हाती आले होते, तोंडात गेले होते; पण ओळखले गेले नाही.

परतीच्या वाटेवर याची भयंकर किंमत मोजावी लागली. अरबी समुद्र ओलांडण्यास प्रतिकूल वाऱ्यांमुळे जवळजवळ तीन महिने लागले. त्या अवधीत तीस माणसे दगावली. प्रत्येक जहाजावर काम करण्याजोगे सात-आठच जण उरले. १४९९ च्या जानेवारीत मालिंदीला पोहोचताच आजाऱ्यांसाठी संत्री मागविण्यात आली, पण अनेकांना उशीर झाला होता. पुढे तीन जहाजे चालविण्यास माणसेच पुरेनात, म्हणून त्यांपैकी एक जहाज जाळून टाकावे लागले.

याच वाटेने ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, संत फ्रान्सिस झेवियर लिस्बनहून निघाले. जहाजावर नवा गव्हर्नर मार्तिम अफोंसो द सोझा होता आणि पोपमहाशयांचे प्रतिनिधी या नात्याने फ्रान्सिस यांना मानाची जागा मिळणे सहज शक्य होते. परंतु चरित्रकार सांगतात की त्यांनी सेवक नाकारला, स्वतःचे कपडे स्वतः धुतले आणि दिवस रुग्णांच्या बिछान्याशी घालविला. अनुकूल वारे न मिळाल्याने मोझांबिकच्या बेटावर सुमारे सहा महिने मुक्काम पडला. फ्रान्सिस आणि त्यांचे सोबती तेथील रुग्णालयातच राहिले. त्या मुक्कामात सुमारे ऐंशी जण मृत्यू पावल्याचे त्यांनी पुढे गोव्याहून रोमला कळविले. स्वतः फ्रान्सिसही तापाने आजारी पडले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोहोचले. संत्र्याचा गुण त्यांनाही ठाऊक नव्हता. जे ठाऊक होते ते त्यांनी केले : आजारी माणसाला एकटे टाकले नाही.

विज्ञानाला उत्तर सापडण्यास आणखी दोनशे वर्षे लागली. १७४७ साली इंग्रजी आरमाराच्या 'सॉल्सबरी' जहाजावर जेम्स लिंड नावाचा वैद्य होता. त्याने स्कर्व्हीचे बारा रोगी निवडले आणि दोघा-दोघांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची आंबवलेली पेये, दुसरीला व्हिनेगर, तिसरीला समुद्राचे पाणी असे निरनिराळे उपचार दिले. एका जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू मिळे. सहा दिवसांत फळे संपली, पण तेवढ्यात त्या दोघांपैकी एक कामावर रुजू होण्याइतका बरा झाला. दुसराही चांगला सावरला आणि त्याला उरलेल्या रुग्णांची शुश्रूषा करण्यास नेमण्यात आले. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात या प्रयोगाला मोठे स्थान आहे. मला मात्र त्या अनामिक खलाशाचे फार कौतुक वाटते. स्वतः बरा होताच तो परिचारक झाला! लिंडने आपला ग्रंथ १७५३ साली प्रसिद्ध केला. तरीही इंग्रजी आरमाराने लिंबाचा रस सर्वत्र देण्यास आरंभ केला तो १७९५ साली. कळणे आणि वळणे यांत अठ्ठेचाळीस वर्षांचे अंतर पडले.

स्कर्व्ही एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. साथीचे रोग लागतात. त्यांच्यापुरता वेगळा उपाय बंदरांनी शोधला. एड्रियाटिक समुद्रावरील रागूझा, म्हणजे आजचे दुब्रॉव्हनिक, या नगराने १३७७ साली प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना तीस दिवस नगराबाहेर थांबविण्याचा नियम केला. पुढे हा काळ चाळीस दिवसांचा झाला. इटालियन भाषेतील 'चाळीस' या शब्दावरूनच 'क्वारंटाइन' हा शब्द आला. चाळीस दिवस म्हटले की प्रायश्चित्तकाळाची आठवण आपणास होणारच. दोन्हींत एक साम्य आहे : दुसऱ्याच्या जिवासाठी स्वतःला थोडी मुरड घालणे.

२०२० च्या फेब्रुवारीत साऱ्या जगाने हे पुन्हा अनुभवले. 'डायमंड प्रिन्सेस' ही पर्यटननौका जपानमधील योकोहामा बंदराशी रोखून धरण्यात आली. तीवर ३,७११ माणसे होती. त्यांपैकी ७१२ जणांना कोरोनाची बाधा झाली. प्रवाशांना खोल्यांत राहण्यास सांगण्यात आले. परंतु त्यांच्या दाराशी जेवणाची ताटे पोहोचविणारे कर्मचारी मात्र कामावरच होते. ते स्वतः एकेका खोलीत दोघे-तिघे मिळून राहत आणि एकत्र जेवत. नौकेवर १३८ भारतीय होते. त्यांतील १३२ कर्मचारी होते. गोवा, मुंबई, वसई येथील कितीतरी ख्रिस्ती घरांतील मुले अशा नौकांवर नोकरी करतात. त्या दिवसांत दूरदर्शनसमोर बसून रोझरी म्हणणाऱ्या मातांची चिंता आपणास वेगळी सांगावयास नको.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे वळू. आजच्या पर्यटननौकेवर स्कर्व्हीचे भय नाही. भय आहे ते मुख्यतः जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसचे आणि श्वासातून पसरणाऱ्या तापांचे. नोरोव्हायरसचे मोजके कणही माणसाला आजारी पाडण्यास पुरतात. कठडे, चमचे, दारांच्या मुठी यांवरून ते हातोहात जातात. बाटलीतील जेल त्यावर पुरेसे पडत नाही. जेवणापूर्वी व शौचानंतर साबण आणि वाहते पाणीच वापरावे. प्रवासापूर्वी डॉक्टरांना भेटून फ्लूची व अन्य आवश्यक लस घ्यावी, नेहमीची औषधे हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावीत.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. नौकेवर चढण्यापूर्वी प्रकृतीविषयी जो कागद भरून घेतात, त्यावर सत्य लिहावे. तिकिटाचे पैसे बुडतील या भीतीने ताप किंवा जुलाब लपविले जातात आणि एका घराची काटकसर शेकडो घरांचे दुखणे होते. वाटेत त्रास झाला तर ताबडतोब नौकेवरील डॉक्टरांना कळवावे आणि ते सांगतील तितके दिवस खोलीत राहावे. तसेच, आपली खोली पुसणाऱ्या मुलाची आपुलकीने चौकशी करावी. कोण जाणे, तो शेजारच्या धर्मग्रामातीलही निघेल.

संत पौल रोमला जात असताना त्यांची नौका वादळात सापडली. प्रेषितांच्या कृत्यांत तीवर २७६ माणसे असल्याची नोंद आहे. खलाशी होडी सोडून गुपचूप पळू पाहत होते, तेव्हा पौलाने सावध केले की हे नौकेवर राहिले नाहीत तर कोणाचाच बचाव होणार नाही. मग त्यांनी उपाशी सहप्रवाशांना अन्न घेण्यास लावले. नौका फुटली, पण २७६ पैकी एकही जीव गेला नाही. समुद्रावर एकट्याचे आरोग्य नावाची वस्तू नसते, हे त्या बंदिवान प्रेषिताने ओळखले होते.

ते दांपत्य येत्या महिन्यात निघणार आहे. प्रभू त्यांना सुखरूप नेवो आणि सुखरूप आणो. आणि त्यांच्याबरोबर नौकेवरील प्रत्येकालाही.