तळटीप १७ : दोनातेल्ला देल्ला पोर्ता आणि जेनोवा

१७. लेखकाने नाव न घेता उल्लेखलेल्या इटालियन समाजशास्त्रज्ञ म्हणजे दोनातेल्ला देल्ला पोर्ता (जन्म १९५६). इटली आणि जर्मनीतील चळवळी व राजकीय हिंसा यांचा त्यांचा तौलनिक अभ्यास १९९५ मध्ये आला. १९९८ मध्ये हर्बर्ट रायटर यांच्यासह त्यांनी निदर्शनांच्या पोलीस बंदोबस्तावरील निबंधसंग्रह संपादित केला. पोलिसांचे वर्तन केवळ वरच्या हुकमाने ठरत नाही. समोरचा जमाव कोणाचा, त्यातले खरे आंदोलक कोण आणि उपद्रवी कोण, याविषयी त्यांच्या मनात आधीच असलेल्या समजुतीही ते घडवतात, हा या मांडणीचा गाभा. पश्चिम युरोपात लाठीऐवजी आयोजकांशी बोलणी करण्याकडे कल वाढल्याचेही त्यात नोंदवले आहे. लेखकाने एवढाच भाग उचलला, त्यामुळे ही वाटचाल एकाच दिशेची वाटते. ती तशी मुळीच नाही. जुलै २००१ मध्ये जेनोवातील जी-८ परिषदेच्या वेळी कार्लो जुलियानी हा २३ वर्षांचा निदर्शक पोलिसी गोळीने मारला गेला. दुसऱ्या रात्री पोलिसांनी दियाझ शाळेत मुक्कामाला असलेल्या निदर्शकांना बेदम मारून ९३ जणांना अटक केली. तिथे ‘सापडलेले’ पेट्रोल बाँब पोलिसांनीच आणून ठेवले होते. २०१५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ही मारहाण म्हणजे छळच असल्याचा निर्णय दिला आणि इटलीच्या कायद्यात छळ हा गुन्हाच नसल्यावर बोट ठेवले. छळाला गुन्हा ठरवणारा कायदा तिथे २०१७ मध्ये झाला. — संपादक