डिलाईल रोडचे जुने रहिवासी

मुंबईंत लोअर परळ स्टेशनाजवळून जाणाऱ्या ज्या रस्त्यास आज ना. म. जोशी मार्ग असें नांव आहे, त्यास जुनीं माणसें अद्याप डिलाईल रोडच म्हणतात. सन १९११ त सोशल सर्व्हिस लीग स्थापून मजुरांच्या सेवेस आयुष्य वाहिलेल्या जोशांचें नांव रस्त्यास मिळालें हें उचितच झालें. परंतु ज्यांच्या पायांखालीं हा रस्ता झिजला त्यांची ओळख पाटीवरून पटत नाहीं. ती करून घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कावसजी दावर यांनीं १८५४ त काढलेल्या कंपनीची गिरणी १८५६ त ताडदेवास चालू झाली. पुढें गिरण्यांचीं धुरांडीं परळ-लालबागेपर्यंत उभीं राहिलीं आणि त्यांच्यामागून रत्नागिरी-साताऱ्याचा शेतकरी आला. त्याच्यासारख्यांकरितां सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें १९२० नंतर बी. डी. डी. चाळी बांधल्या. त्यांपैकीं ३२ या रस्त्यावर. एकेका चाळींत ८० खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची! इतक्या जागेंत एका गांवचे अनेक गडी राहत. एका पाळीचा मनुष्य उठला कीं दुसऱ्या पाळीचा त्याच जागीं आडवा होई.

धंदा विचारल्यास सारेच "गिरणींत आहें" असें सांगत. पण त्या दोन शब्दांत केवढा तरी भेद सामावलेला असे. दरवाजाशीं रोज उभा राहणारा बदलीवाला निराळा, आणि ज्याच्या हातीं त्याची भरती असे तो दस्तुरी घेणारा मुकादम निराळा. बायका बहुधा रिळें भरण्याच्या खात्यांत, त्यांच्यावर नाईकीण. विणाई खात्यांत मजुरी अधिक मिळे. परंतु तेथें अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसांस थारा नव्हता. कारण ऐकून वाचकांस विषाद वाटेल. धोट्यांतील कांडी संपली म्हणजे नव्या कांडीचा धागा छिद्रांतून तोंडानें ओढून घ्यावा लागे, आणि त्या उष्ट्या धोट्यास सवर्ण विणकर तोंड लावण्यास तयार नसे. एकाच भोंग्यावर उठणाऱ्या, मालकाविरुद्ध एकाच मोर्चांत चालणाऱ्या माणसांमधली ही भिंत मालकानें बांधलेली नव्हती. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हाच प्रश्न पुढाऱ्यांपुढें ठेविला. त्या प्रश्नांत आम्हांस त्या संपाची खरी परीक्षा दिसते.

आतां जिचें नांव कोणत्याच हजेरीपटावर नव्हतें तिच्याकडे वळूं. एकट्या गड्यांस जेवूं घालणारी खानावळवाली याच चाळींत राही. पहांटे उठून भाकऱ्या थापाव्या, डबे भरावे आणि पगाराच्या दिवसाची वाट पाहावी, हा तिचा नित्यक्रम. दाणा ती वाण्याकडून उधार आणी, गडीही तिच्याकडे उधारीनेंच जेवत. संप झाला म्हणजे पगार थांबे. भूक मात्र थांबत नसे! संपाच्या इतिहासांत पुढाऱ्यांचीं भाषणें सांपडतात, तिच्या थकलेल्या उधारीचा हिशेब सांपडत नाहीं. प्रेमा पुरव यांनीं १९७५ त अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून अशा बायकांस बँकेचें कर्ज मिळवून दिलें, तेव्हां कोठें त्यांच्या कष्टास धंदा हें नांव मिळालें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागें घेतला गेलाच नाहीं. गिरण्याच एकेक करून बंद पडल्या. या रस्त्यावरील मथुरादास गिरणीच्या आवारांत आतां कचेऱ्या व उपाहारगृहें आहेत, आणि चाळींच्या जागीं ५०० चौरस फुटांच्या घरांची योजना चालली आहे. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठीं बांधलेल्या घरांची पहिली मोठी सोडत २०१२ त निघाली. तिच्यासाठीं पात्रता ठरविली ती १ जानेवारी १९८२ ही तारीख धरून आणि गिरणीच्या हजेरीपटावरून. खानावळवालीस त्यांत हक्क पोंचला तो गिरणीकामगाराची पत्नी वा वारस म्हणून. त्या गिरणीस तीस वर्षें जेवूं घातलें म्हणून नव्हे.