नोटेवरचं जाळं

पात्स्कुआरोच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच हानित्सिओ बेटाजवळ आली की तिचं इंजिन मंदावतं. प्रवाशांना वाटतं, बेट आलं. नावाडी मात्र थांबलेला असतो समोरच्या चार-सहा होडक्यांसाठी. लांबट, अरुंद अशी ही होडकी पाण्यावर गोल धरतात. प्रत्येकाच्या टोकाशी एक जण, हातात लांब दांड्याचं जाळं. सगळी जाळी एकदम पाण्यात बुडतात आणि एकदम वर येतात. दांड्याच्या दोन अंगांना ताणलेले दोन मोठे लंबगोल, त्यांतून निथळणारं पाणी आणि बारीक विणीतून आरपार येणारं ऊन. लाँचभर मोबाइल उंचावतात. मग एक होडकं लाँचला येऊन भिडतं, टोपी पुढे होते, नाणी पडतात. जाळ्यात मासा आला की नाही, हे कोणी वाकून बघत नाही.

ह्या जाळ्याला स्पॅनिशमध्ये ‘मारिपोसा’, म्हणजे फुलपाखरू म्हणतात. ते फुलपाखरं धरायचं जाळं नव्हे. उचलल्यावर पंख पसरल्यासारखं दिसतं, म्हणून हे नाव. पश्चिम मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यात, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंचावर पात्स्कुआरोचं तळं आहे. त्याच्या काठच्या कुठल्याही बाजारात गेलात तरी हे जाळं आधी भेटीला येतं. ते मातीच्या थाळीवर रंगवलेलं असतं, लाकडात कोरलेलं असतं, किल्ल्यांच्या साखळीला लटकलेलं असतं. एकेकाळी तर ते देशाच्या चलनी नोटेवर जाऊन बसलं होतं. कोळ्याच्या हातातलं अवजार तिथवर कसं पोचलं, त्याचा हा माग.

सुरुवात राज्याच्या नावापासूनच करावी लागते. ‘मिचोआकान’ हा शब्द इथल्या लोकांचा नाही. तो अझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ ‘ज्यांच्याकडे मासे आहेत त्यांचा मुलुख’. हे मासेवाले म्हणजे पुरेपेचा. तळ्याकाठचं त्सिन्त्सुन्त्सान ही त्यांची राजधानी. अझ्टेकांनी लढाया केल्या, पण हे राज्य त्यांना कधी जिंकता आलं नाही. शेजाऱ्याला नाव ठेवताना त्यांना डोळ्यांसमोर मासे दिसले, यावरून तळ्याची श्रीमंती कळावी.

१५४०च्या सुमारास एका फ्रान्सिस्कन पाद्र्याने इथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून ह्या राज्याची हकीकत लिहून काढली. ‘रेलासिओन दे मिचोआकान’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात राजाच्या कारभाऱ्यांची मोठी यादी आहे. कोणी पिसांच्या कामावर, कोणी शिकारीवर, कोणी कोठारावर. त्यातच जाळ्याने मासे धरणाऱ्या सगळ्या कोळ्यांवरचा एक अधिकारी आहे. गळाने धरणाऱ्यांवरचा अधिकारी वेगळा. राजाच्या घरी मासळी पोचवणं त्यांच्याकडे होतं. जाळं आणि गळ यांची खाती वेगळी ठेवण्याइतकी मासेमारी इथे दरबारी बाब होती.

ही हकीकत लिहिली गेली तोवर ते राज्य बुडालं होतं. १५३०मध्ये नुन्यो दे गुस्मान या स्पॅनिश अधिकाऱ्याने पुरेपेचांच्या शेवटच्या राजाला ठार मारवलं. त्या जखमेवर फुंकर घालायला आला तो वास्को दे किरोगा. आधी न्यायाधीश आणि मग मिचोआकानचा पहिला बिशप. तळ्याकाठी आजही त्याला ‘ताता वास्को’ म्हणतात. ताता म्हणजे बाबा. कोणत्या गावाने काय करायचं ही वाटणी त्यानेच घालून दिली, असं लोक सांगतात. सान्ता क्लाराने तांबं ठोकायचं, दुसऱ्याने मडकी घडवायची, तिसऱ्याने लाकूड कोरायचं. बेटवाल्यांकडे राहिलं ते पाणी.

त्या पाण्यात एक मासा होता: कुरुचा उरापिती, म्हणजे पांढरा मासा. वीतभर लांबीचा, जवळपास काचेसारखा पारदर्शक, अंगावर चांदीचा पट्टा. तो तळ्याचा मान होता. त्याच्या कुळातली बारीक मासळीही उन्हात वाळवून खाल्ली जाई. हे सगळं धरायचं कशाने? इथे गंमत आहे. पोटापाण्याची खरी कमाई फुलपाखरी जाळ्याची नव्हती. ती दोन दुसऱ्याच जाळ्यांची होती. एक चिंचोर्रो, म्हणजे आपल्या कोकणातल्या रापणीचा भाऊ, अनेकांनी मिळून ओढायचं लांबलचक जाळं. दुसरं चेरेमेकुआ, पाण्यात पडद्यासारखं उभं राहून माशाला कल्ल्यापाशी अडकवणारं. फुलपाखरी जाळं उथळ पाण्यातल्या बारीक मासळीचं, एकट्यादुकट्याने चालवायचं.

पण रापण ओढणारी माणसं छायाचित्रात कशी दिसतात? पाठमोरी, वाकलेली, चिखलात. आणि चेरेमेकुआ तर दिसतच नाही. न दिसणं हेच त्याचं कसब. फुलपाखरी जाळ्याचं तसं नाही. होडक्यात बसलेला माणूस, वर उचललेले दोन पंख, खाली त्यांचं प्रतिबिंब, मागे बेट. चौकट आपोआप भरते. जाळ्याचं नशीब उघडलं ते मासे धरण्यात ते थोर होतं म्हणून नव्हे, तर ते दिसायला चांगलं होतं म्हणून.

बघणारे यायला वाट हवी. आगगाडी १८८६मध्येच पात्स्कुआरोला पोचली होती. बघायची भूक मात्र नंतरची. १९१०मध्ये पेटलेली क्रांती दहा वर्षांनी निवली, तेव्हा नव्या सरकारला आणि कलावंतांना ‘अस्सल मेक्सिको’ दाखवायचा होता. राजधानीतले संगीतकार, चित्रकार तळ्याकाठी येऊन सूर, नाच, पोशाख टिपून नेऊ लागले. १९२४मध्ये मेक्सिको शहरातल्या ‘तेआत्रो देल मुर्सिएलागो’ या प्रयोगात इथला म्हाताऱ्यांचा नाच, म्हणजे ‘व्येहितोस’, रंगमंचावर चढला. ओठ फाकवून हसणारे गुलाबी मुखवटे, हातात काठी, कमरेत वाकलेली अंगं, आणि अचानक लाकडी तळव्यांचा असा कडकडाट की म्हाताऱ्याच्या पायात विशीतला पोर उभा राहावा. हाराकुआरो गावचा निकोलास बार्तोलो हुआरेस हा वादक त्या काळात हे नाच-गाणं घेऊन राजधानीत गेला. गावाच्या चौकात सणाला नाचायचं ते तिकीट काढून बघायचं झालं, त्याचा हा उंबरठा.

जाळं त्याच वाटेने गेलं. सिल्व्हेस्त्रे रेव्हुएल्तासने १९३३मध्ये ‘हानित्सिओ’ नावाची वाद्यवृंदाची रचना केली. पाठोपाठ कार्लोस नावार्रोचा ‘हानित्सिओ’ हा चित्रपट आला. त्यातला नायक एमिलिओ फेर्नांदेस पुढे स्वतः मोठा दिग्दर्शक झाला आणि १९४८मध्ये मारिया फेलिक्सला घेऊन ‘माक्लोव्हिआ’साठी त्याच बेटावर परतला. कॅमेरा गाब्रिएल फिगेरोआचा. त्याच्या काळ्या-पांढऱ्या आभाळाखालची होडकी जगभर गेली. मिचोआकानचाच पुत्र लाझारो कार्देनास याने आधी राज्यपाल आणि मग राष्ट्राध्यक्ष म्हणून ह्या तळ्यावर जीव लावला. १९३०च्या दशकात हानित्सिओच्या माथ्यावर स्वातंत्र्यवीर मोरेलोसचा सुमारे ४० मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला. मूठ उगारलेला, आतून पोकळ, पोटात जिना आणि भिंतींवर रामोन आल्वा दे ला कानालची चित्रं. वर वीर, खाली जाळं. पोस्टरला आणखी काय हवं?

नेमक्या याच वर्षांत पाण्याखाली दुसरंच काही चाललं होतं. १९३०च्या सुमारास तळ्यात अमेरिकी बास मासा सोडण्यात आला. हेतू चांगला होता: मोठा मासा, जास्त खाणं. तो मोठा झाला तो इथल्या लहान माशांवर. पुढच्या काळात कार्प आली. डोंगरावरची झाडं गेली तशी माती तळ्यात उतरली, गावांचं सांडपाणीही त्यातच. पांढरा मासा विरळ होत गेला. म्हणजे पडद्यावर जाळं जितकं झळकू लागलं, तितकं पाण्यात ते हलकं होऊन वर येऊ लागलं. दोन्ही रेषा एकाच दशकात सुटल्या आणि विरुद्ध दिशांना गेल्या.

१९९०च्या दशकात मेक्सिकोच्या ५० पेसोच्या नोटेवर पुढे मोरेलोस आणि मागे हानित्सिओचे कोळी आले, फुलपाखरी जाळी उचललेले. चित्रकाराने भोवती खरीखुरी मोनार्क फुलपाखरंही उडवली. दर हिवाळ्यात ती उत्तरेकडून मिचोआकानच्या डोंगरांत मुक्कामाला येतात. २००६मध्ये नोट बदलली, जाळ्याच्या जागी मोरेलिया शहराचा दगडी जलसेतू आला. २०२१पासूनच्या ५० पेसोवर आक्सोलोत्ल हा पाण्यातला सलमँडर आहे, मेक्सिको शहरातल्या सोचिमिल्कोचा. रानात तोही नामशेष व्हायला टेकला आहे. नोटेवर जागा मिळणं ही मेक्सिकोत फारशी शुभ खूण दिसत नाही. आक्सोलोत्लचा एक भाऊबंद, आचोके, फक्त पात्स्कुआरोच्या तळ्यात सापडतो. खोकल्याच्या औषधासाठी त्याला पाळणाऱ्या जोगिणींच्या मठातल्या टाक्यांमुळे आज त्याचा वंश टिकायला हातभार लागतो आहे.

मग आता तळ्याकाठचा उत्सव म्हणजे निव्वळ देखावा का? १ नोव्हेंबरच्या रात्री इथे आलेल्याला हा प्रश्न पडतोच. ‘नोचे दे मुएर्तोस’, मृतांची रात्र. हानित्सिओच्या दफनभूमीत बायका थडग्यांशी बसून रात्र जागवतात. समोर मेणबत्त्या, पाव, फळं, गेलेल्याच्या आवडीचं जेवण. आणि सगळीकडे झेंडू. कमानी झेंडूच्या, वाटा झेंडूच्या पाकळ्यांच्या. दसऱ्याला दाराशी तोरण बांधणाऱ्या मराठी माणसाला ते फूल ओळखीचं वाटेल, पण पाहुणे आपण आहोत. झेंडूचं माहेर मेक्सिको. आपल्याकडे तो गेल्या पाचशे वर्षांत कधीतरी समुद्र ओलांडून आला. ह्या रात्रीचाही देखावा झाला आहे. तिचा प्रवेश १९२०च्या दशकातच रंगमंचावर झाला, पर्यटन खात्याने तिच्या जाहिराती केल्या, युनेस्कोच्या यादीत मृतांसाठीचा हा सण २००८मध्ये नोंदला गेला. लाँचा भरभरून येतात, अंधारात मशाली घेतलेली होडकी फुलपाखरी जाळी उचलतात. पण थडग्याशी बसलेली बाई गर्दीकडे बघत नाही. ती जिच्यासाठी बसली आहे ती तिची आई आहे. गर्दी वाढली म्हणून आई बदलत नाही.

सणाच्या आदल्या दिवशी इथे बदकांची शिकार करायची रीत होती. होडक्यांचं रिंगण, हातात लांब भाला आणि तो फेकायला फळी, स्पॅनिशांच्या आधीपासूनचं हत्यार. ते मांस मृतांच्या नैवेद्याला जायचं. लाँचसमोरचं जाळ्यांचं रिंगण बघताना मला त्या रिंगणाची आठवण होते. गोल धरायचं, एका वेळी हात उचलायचे, शेजाऱ्याच्या होडक्याला धक्का लागू द्यायचा नाही, हे अंगात मुरलेलं कसब आहे. ते नाटकासाठी शिकलेलं नाही, पाण्यावर वाढलेल्यांचं आहे. कॅमेऱ्याने निवडलं जाळं, पण हात निवडले नाहीत. ते होतेच.

चिंता आहे ती वेगळीच. २०२४च्या दुष्काळात तळं इतकं मागे हटलं की काठच्या काही ठिकाणी होडक्यांच्या जागी चिखल आणि गवत आलं. ॲव्होकाडो आणि बेरीच्या बागांसाठी टँकरने तळ्यातलं पाणी चोरून नेलं जात असल्याच्या तक्रारींवर अधिकाऱ्यांना पहारे बसवावे लागले. मासा गेला तरी जाळं टिकलं, कारण दाखवायला मासा लागत नाही. पाणी मात्र लागतं. प्रतिबिंबाशिवाय त्या छायाचित्रातलं अर्धं फुलपाखरूच राहील.

लाँचचं इंजिन पुन्हा घरघरतं. होडकी मागे सरतात. पुढे आलेल्या टोपीत कोणी नाणी टाकतो, कोणी उदार होऊन ५० पेसोची नोट. कोळी ती घडी घालून खिशात ठेवतो. तिच्यावर आता त्याचं चित्र नाही. दुसऱ्या तळ्यातला, तसाच संपत आलेला प्राणी आहे. पलीकडून दुसरी लाँच येताना दिसते. तो वल्हं उचलतो.