खाणावळीतली 'आवळ'

पुण्याच्या टिळक रस्त्यावर 'बोर्डिंग' म्हटले की पोळी-भाजी, वरण-भात आणि ताकाची वाटी आठवते. 'बादशाही बोर्डिंग हाऊस'ची पाटी वाचत पुणेकरांच्या दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या. मुंबई बंदरात मात्र हाच शब्द वेगळे काम करतो. तिथे 'बोर्डिंग' म्हणजे जहाजावर चढणे, आणि त्यासाठी हातात 'बोर्डिंग पास' लागतो. जेवण आणि जहाज एका शब्दात कसे आले, हे पाहण्यासाठी लाकडाच्या फळीपर्यंत मागे जावे लागते.

इंग्रजीत 'बोर्ड' ही मुळात फळी. ती मांडून तिच्यावर अन्न ठेवत, म्हणून फळीचे टेबल झाले. पुढे टेबलावरच्या जेवणालाही 'बोर्ड' म्हणू लागले आणि मग पैसे भरून रोज मिळणाऱ्या जेवणाला. जहाजाच्या बाजूलाही 'बोर्ड'च म्हणत. ती बाजू ओलांडून आत पाऊल टाकणारा माणूस 'ऑन बोर्ड'. जुन्या जर्मानिक भाषांत फळी आणि कड या अर्थांचे दोन शेजारी शब्द होते व ते इंग्रजीत एकमेकांत मिसळले, असे अभ्यासक मानतात. आपणही जेवणासाठी फळी वापरली, पण तिच्यावर बसायला. संस्कृत 'पट्ट' या शब्दापासून आलेला आपला पाट ताटासमोर माणसाला बसवतो. पाट-पाणी घेतले म्हणजे जेवणाची अर्धी तयारी झाली.

हे सारे आत्ता आठवायचे कारण म्हणजे जहाजावरच्या जेवणाबद्दल पुण्यात हल्ली पुष्कळ ऐकू येते. निवृत्तीनंतर सिंगापूरची किंवा अलास्काची क्रूझ करणारी माणसे कोथरूडच्या प्रत्येक सोसायटीत सापडतील. मुंबईहूनच गोव्याला, लक्षद्वीपला क्रूझ जाऊ लागल्यावर ही हौस आणखी जवळ आली. ('क्रूझ' शब्द डच 'क्रौस' म्हणजे क्रूस यावरून आला. समुद्र आडवा-उभा कापत हिंडायचे, ही त्यातली कल्पना.) दुसऱ्या-तिसऱ्यांदा जाऊन आलेले लोक एक तक्रार हमखास सांगतात: डायनिंग रूममधले जेवण पूर्वीसारखे राहिले नाही. पदार्थांची यादी आखूड झाली, आणि जे आधी भाड्यातच मिळे त्यातल्या काही गोष्टींना आता वेगळे पैसे पडतात.

पूर्वीसारखे म्हणजे कसे? मोठ्या जहाजांवर रात्रीच्या जेवणाच्या दोन ठरलेल्या वेळा असत, एक संध्याकाळी सहाच्या सुमारास आणि एक साडेआठच्या. वेळ तुमची ठरलेली, टेबल ठरलेले, टेबलावरची माणसे ठरलेली आणि वाढणाराही ठरलेला. तिसऱ्या दिवशी त्याला ठाऊक असे की या आजींना बर्फाशिवाय पाणी लागते. पुणेकराला ही रीत समजावून सांगावी लागत नाही, कारण ती पहिली पंगत आणि दुसरी पंगत आहे. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 'फ्रीस्टाईल' नावाने ही बंधने काढली. हवे तेव्हा या, हव्या त्या टेबलाशी बसा, हव्या त्या उपाहारगृहात जेवा. इतर कंपन्यांनीही कमी-अधिक तसेच केले. मग ज्यादा पैसे घेणारी खास उपाहारगृहे वाढली. मुख्य डायनिंग रूममध्येही काही ठिकाणी लॉब्स्टरला किंवा तिसऱ्या मुख्य डिशला आकार लागू झाला.

या बदलाचे वर्णन करायला मराठीत दोन शब्द तयार आहेत, जेवणावळ आणि खाणावळ. घडण सारखी दिसते, अर्थाने मात्र ते दोन टोकांना उभे आहेत. जेवणावळीतली 'आवळ' ही संस्कृत 'आवलि', म्हणजे ओळ. तीच दीपावलीत, नामावळीत आणि रांगोळी झालेल्या रंगावलीत आहे. आपला 'ओळ' हा शब्दही प्राकृत 'ओलि'मार्गे तिथूनच आला. तेव्हा जेवणावळ म्हणजे जेवणाऱ्यांची ओळ.

खाणावळीतली 'आवळ' मात्र शिंप्याकडची आणि गिरणीतली आहे. कापड शिवण्याचे पैसे ती शिवणावळ, दळण्याचे पैसे ती दळणावळ, धुण्याचे धुणावळ, दागिना घडवण्याचे घडणावळ. सराफाच्या पावतीवर घडणावळ अजून छापलेली असते. त्याच चालीने खाण्याचे जे मोल, ती खाणावळ. आधी ते मोल होते आणि मग ते देऊन जिथे जेवायचे त्या जागेलाच तो शब्द चिकटला. आज पाट्यांवर 'खानावळ' असे न घालून लिहिलेले सर्रास दिसते. दवाखाना, कारखाना यांतला फारसी 'खाना' म्हणजे घर, आणि हिंदीतला 'खाना' म्हणजे जेवण. या दोघांच्या शेजारामुळे ण चा न झाला असावा. मला त्या न चा राग नाही, पण ण ठेवला तर क्रियापद दिसते आणि त्याच्यामागची पावतीही.

ओळीचा शब्द किती जुना आहे पाहा. पंगत आली 'पङ्क्ती'तून, आणि पङ्क्ती आली 'पञ्च'मधून. वेदांत पाच चरणांच्या छंदाला पङ्क्ती म्हणतात. म्हणजे आधी पाचांचा गट, मग रांग, मग जेवणारांची रांग. माणसे एका रांगेत जेवायला बसली की कोण कोणाशेजारी हा प्रश्न आलाच, म्हणून आपल्याकडे पंक्तिपावन आहे, पंक्तिभेद आहे आणि पंक्तिप्रपंचही आहे. हा शेवटचा शब्द मला फार नेमका वाटतो. एकाच पंगतीत एकाला तूप जास्त आणि दुसऱ्याला दाखवण्यापुरते, याला पंक्तिप्रपंच म्हणतात. दुसऱ्या कुठल्या भाषेत या अन्यायाला स्वतंत्र नाव असेल तर मला ती भाषा शिकायला आवडेल.

पुण्याने पंक्तीचा प्रश्न किती जिवावर घेतला, त्याची साक्ष १८९० च्या ऑक्टोबरात मिळते. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये भाषणासाठी जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. पुढे गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापवली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभे राहिले, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. हेच गोपाळराव डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे यजमान. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेला निघाल्या, तेव्हा समुद्र ओलांडणे हाच मुळी आक्षेपाचा विषय होता. समुद्रयात्रा कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात निषिद्ध गोष्टींत, मोडते असे मानले जाई. त्यात जहाजावरच्या टेबलाशी कोण स्वयंपाक करतो, कोण वाढतो, शेजारी कोण बसतो यांतले काहीच आपल्या हातात नाही. आज त्याच गावची माणसे डायनिंग रूममध्ये आठ अनोळखी माणसांच्या टेबलाशी मजेत बसतात आणि आता ती सोबत राहिली नाही म्हणून हळहळतात, ही मला मोठीच वाटचाल वाटते.

पुण्यातल्या विद्यार्थ्याच्या जेवणाचे शब्दही असेच सरकत आले. आधी माधुकरी. मधुकर म्हणजे भुंगा, तो फुलाफुलातून थोडे थोडे घेतो, तसे घराघरातून घ्यायचे. मग वार. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार लावून कितीतरी मुले शिकली. माधुकरी आणि वार या दोन्ही शब्दांत पैसा कुठे नाही, देणाऱ्याचे घर मात्र आहे. पैसा खाणावळीने आणला, आणि मी तो वाईट मानत नाही. वारावर जेवणाऱ्या मुलाला दुसरी भाकरी मागताना जो संकोच होई, तो महिन्याचे पैसे भरणाऱ्याला होत नाही. मोल दिले की मान ताठ राहते. खाणावळ चालवून मुले वाढवणाऱ्या विधवा बायकांनाही त्या मोलाने उभे केले.

आणि मग मेस. कसब्यातल्या वा नारायण पेठेतल्या मुलाला हा शब्द कॉलेजचा वाटतो, पण तो जहाजावरही राहून आलेला आहे. लॅटिनमध्ये 'मित्तेरे' म्हणजे पाठवणे. टेबलावर पाठवलेले ते 'मिस्सुम', जुन्या फ्रेंचमध्ये 'मेस', म्हणजे पुढ्यात आलेला वाटा. इंग्लंडात मेजवानीला बसलेल्यांचे छोटे गट करीत, बहुधा चौघांचे, आणि अशा गटाला मेस म्हणू लागले. लढाऊ जहाजांवर तोफांच्या मधल्या जागेत खलाशी गटागटाने जेवत, तो प्रत्येक गट म्हणजे एक मेस. गटातला एक जण मुदपाकखान्यातून सगळ्यांचे अन्न आणी. (मुदपाक हा अरबी 'मतबख', म्हणजे शिजवण्याची जागा. मराठीने त्याच्या शेवटाला आपला 'पाक' बसवला.) म्हणजे पङ्क्ती पाचांची तर मेस चौघांची. हा शब्द पलटणीतही रुळला, आणि १८१७ नंतर खडकीला नि कँपात छावण्या पडलेल्या पुण्याला पलटणीचे शब्द परके राहिले नाहीत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदल, नौदल, हवाईदलाचे सगळे कॅडेट आजही एका भव्य मेसमध्ये एका वेळी जेवतात. पुण्यातली रोजची सर्वांत मोठी पंगत तीच असावी.

पेठेतल्या मेसने आपले शब्द घडवले. न जेवलेला दिवस तो 'खाडा', आणि महिन्याला किती खाडे वजा होतात यावर मेस निवडली जाते. रविवारी दुपारी 'फीस्ट' आणि संध्याकाळी बंद.

'डायनिंग' हा शब्दही पुण्यात परका नाही. आपटे रस्त्यावरचे 'आशा डायनिंग हॉल' किंवा टिळक रस्त्यावरचे 'दुर्वांकुर' इथे जायचे तेव्हा आपण 'थाळी जेवायला' जातो. थाळीचे घराणे 'स्थाली'चे, आणि संस्कृतात स्थाली म्हणजे शिजवायचे भांडे. स्थालीपुलाकन्याय, म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, त्या भांड्यातल्या शिताबद्दलच बोलतो. त्याच कुळातले 'स्थाल' हे वाढायचे भांडे. आज थाळी हे भांडे कमी आणि करार जास्त झाला आहे. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या शिवभोजन थाळीच्या दहा रुपयांत दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात अशी मोजमापे शासनाने ठरवून दिली. दुसऱ्या टोकाला पाटीवर 'अमर्यादित थाळी'.

मर्यादा या शब्दाला समुद्राचा वास आहे. संस्कृतात मर्यादा म्हणजे सीमा, आणि किनाराही. समुद्र मर्यादा सोडत नाही, हे आपण कीर्तनात ऐकलेले असते. योगायोग असा की जहाजावर जिथे बुफे मांडलेला असतो त्या डेकला पुष्कळदा 'लिडो' म्हणतात. व्हेनिसजवळच्या लिडोवरून पडलेले हे नाव लॅटिन 'लितुस'पासून आले, आणि त्याचाही अर्थ किनाराच. खुद्द 'बुफे' म्हणजे फ्रेंचमध्ये भिंतीकडेचे भांड्यांचे कपाट. लग्नपत्रिकांनी त्याला 'स्वरुची भोजन' असे गोड नाव दिले. स्वतःची रुची हे खरे, पण त्यात स्वतःच वाढून घ्यायचे असते.

माझे दुःख इथे आहे. किंमत वाढली, यादी आखूड झाली, हे मी समजू शकतो. खाणावळ या शब्दाने मोल कधी लपवले नव्हते. पण पंगतीची खरी क्रिया 'वाढणे' ही आहे. मराठीत अन्न देणे आणि वृद्धी होणे यांना एकच क्रियापद आहे. 'वाढ गं त्याला' म्हणताना घालणारा हात मोजत नाही, आणि ताटात कमी पडले आहे हे जेवणाऱ्याच्या आधी वाढप्याला दिसते. अमर्यादित थाळी चालते ती या वाढप्यावर. तो वाटी रिकामी होताना पाहतो, 'भात आणू?' विचारतो आणि नको म्हटले तरी पळीभर आमटी घालतो. जुन्या डायनिंग रूममधला ठरलेला स्टुअर्ड हा त्याचाच भाऊबंद होता. तिसऱ्या डिशला पैसे लागले की त्याला आग्रह करता येत नाही. आग्रह म्हणजे धरून ठेवणे, आणि बिलाच्या आकड्यासमोर कोणी कोणाला धरून ठेवत नाही. त्याने 'आणखी हवे?' विचारले तर ती विक्री ठरते.

पुण्यातही हा बदल दिसतो. 'लिमिटेड थाळी'ची पाटी पूर्वी बसस्टँडाजवळच असे, आता ती चांगल्या वस्तीतही आहे, आणि 'एक्स्ट्रा चपाती'चा दर तिच्याखाली लिहिलेला असतो. एकट्याने लवकर जेवून कामाला जाणाऱ्यांना ती सोयीची आहे, ती असू द्यावी. माझे मागणे पाटी लिहिणाऱ्याकडे आहे. या ठिकाणाला 'भोजनगृह' म्हणा, 'राईस प्लेट' म्हणा, किंवा सरळ ण घालून 'खाणावळ' म्हणा, कारण पदार्थागणिक मोल घेणे हा त्या शब्दाचा हक्कच आहे. 'पंगत' हे नाव मात्र जिथे कोणी तरी हातात वाढणे घेऊन ताटांमधून फिरते आहे, तिथेच लावा.