डोळ्यांची नोंदवही

अमेरिकेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक तुकडा मी पुण्यात बसून लिहिते. त्यात ‘सार्वजनिक आरोग्य नोंदणी’ नावाचं एक पान आहे. लसीकरणाच्या नोंदवहीला माहिती पाठवता का, असं ते विचारतं. मोतीबिंदू काढणारा माणूस लसी कशाला देईल? पण ‘लागू नाही’ हेही रीतसर कळवावं लागतं. हे पान आलं कुठून, याचा माग काढत मी थेट १८९० सालात पोचले.

तेव्हा आईला परमा झालेला असला की जन्मताना बाळाच्या डोळ्यांत संसर्ग जाई आणि उपचाराविना मूल आंधळं होई. लाइपझिगच्या कार्ल क्रेडे यांनी १८८१ मध्ये उपाय प्रसिद्ध केला होता. नवजात बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा, बस्स. त्यांच्या रुग्णालयात दर दहा बाळांमागे एकाला होणारा हा आजार शंभरात एकाच्याही खाली आला. पण बाळंतपणं घरी, सुईणीच्या हातून होत. म्हणून बफेलोचे नेत्रतज्ज्ञ ल्युसियन हाऊ यांनी न्यूयॉर्क राज्यात कायदा करवून घेतला : बाळाचे डोळे लाल दिसले, तर सुईणीनं किंवा दाईनं ते आरोग्य अधिकाऱ्याला किंवा डॉक्टरला लेखी कळवलंच पाहिजे. ‘हाऊ कायदा’ म्हणूनच तो ओळखला जातो. कळवणारी सुईण, धावून जाणारा डॉक्टर, मध्ये एक चिठ्ठी. इतकी सरळ नोंद पुढे मला कुठे सापडली नाही.

याच हाऊंची पुढची गोष्ट वाचताना मात्र मी थबकले. १९२० च्या दशकात ते सुप्रजननवाद्यांत सामील झाले. आनुवंशिक अंधत्व असलेल्या कुटुंबांची माहिती गोळा करण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि अशा माणसांची लग्नं रोखता यावीत, निदान त्यांच्याकडून जामीन घ्यावा, असं विधेयक पुढे रेटलं. ते मंजूर झालं नाही. हेतू दोन्ही वेळी अंधत्व टाळण्याचाच होता. आधी नोंद झालेल्या बाळाला औषध मिळायचं, आता नोंद झालेल्या माणसाला नवरी मिळू द्यायची नव्हती.

माझ्या पानाचा जन्म मात्र २००९ चा. मंदीतून सावरण्यासाठी आणलेल्या कायद्यात संगणकीय आरोग्य नोंदींना पैसा देणारा भाग होता. पैसे हवेत तर नोंदी ‘अर्थपूर्ण’ वापरून दाखवा, अशी अट. पुढे बक्षिसाच्या जागी दंड आला. आज गुण कमी पडले तर दोन वर्षांनी मेडिकेअरच्या देयकातून ९ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. वैतागलेल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेनं, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीनं, २०१४ मध्ये स्वतःचीच नोंदवही काढली : आयरिस. सरकारची अटही भागली आणि डोळ्यांबद्दल काही कळण्याची सोयही झाली.

तिचा कस लागतो तो साध्या गोष्टींत. आपल्याकडे नजर ६/६ लिहितात, तिथे २०/२०. ती आकड्यांत असेल तर प्रश्न नाही. पण तक्त्यावरचं काहीच दिसत नसेल तर डॉक्टर लिहितो, ‘बोटं मोजता येतात’, ‘हात हलताना दिसतो’, ‘उजेड कळतो’. कुणी हे ठरलेल्या रकान्यात लिहितो, कुणी शेरा म्हणून कोपऱ्यात. शेऱ्यातली नजर नोंदवहीपर्यंत पोचतेच असं नाही, आणि नेमकी तीच माणसं सर्वांत कमी पाहणारी. तरीही या नोंदवहीनं जे दिलं ते लहान नाही. २०१३ ते २०१७ मधल्या ८५ लाखांहून अधिक डोळ्यांच्या मोतीबिंदू शस्त्रक्रिया तपासल्यावर डोळ्याच्या आत गंभीर संसर्ग झालेले निघाले ०.०४ टक्के. इतकं विरळ काही एका दवाखान्यात बसून मोजता येत नाही.

नावं काढून टाकलेली हीच माहिती आता एका खासगी कंपनीमार्फत औषधकंपन्यांच्या संशोधनालाही वापरली जाते. ओळख पुसण्याची एक कायदेशीर रीत म्हणजे ठरलेल्या १८ गोष्टी वगळणं : नाव, फोन, पत्त्याचा बराचसा भाग, जन्मतारखेतला वर्ष सोडून उरलेला भाग. नव्वद आणि त्यापुढच्या सगळ्यांना एकाच गटात टाकतात, कारण त्या वयाची माणसं थोडी, चटकन ओळखू येणारी. दुर्मीळ आनुवंशिक आजाराचं नाव मात्र त्या १८ गोष्टींत नाही.